शब्दाची विचारपूस : ‘एरोबिक’ म्हणजे काय?

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करून घेणारे आमचे प्रशिक्षक ‘एरोबिक व्यायाम करा’ असे सांगतात. हा शब्द मूळचा कुठला आणि त्याचा अर्थ काय? – एक वाचक, परभणी

उत्तर : ‘एर’ म्हणजे हवा आणि ‘बायोस’ म्हणजे जीवन, या दोन ग्रीक शब्दांवरून फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी 1863 च्या सुमारास हा शब्द घडवला, तोही व्यायामासाठी नव्हे, तर हवेवाचून न जगणाऱ्या सूक्ष्मजीवांसाठी. गंमत अशी, की मूळ शब्दात ऑक्सिजन कुठेच नाही, आपल्या शालेय पुस्तकातील ‘ऑक्सिश्वसन’ या प्रतिशब्दात मात्र तो थेट आला आहे. मैदानावर हा शब्द रूढ झाला तो अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांच्या 1968 मधील ‘एरोबिक्स’ या पुस्तकामुळे.

तुमच्याच भरतीतले उदाहरण घ्या. 1600 मीटर धावताना स्नायूंना लागणारी बहुतेक ऊर्जा श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते, म्हणून ते मुख्यतः एरोबिक. 100 मीटरच्या धावेत मात्र तेवढी सवडच नसते, त्यामुळे स्नायू प्राणवायूवाचूनच बहुतेक ऊर्जा मिळवतात आणि धाप लागते ती रेषा ओलांडल्यावर. पायी तुळजापूरला जाणारे भाविक हा शब्द न ऐकताही तोच व्यायाम करतात.