तिसऱ्या मजल्यावरचं मशीन आणि चहापाणी

प्रश्न : आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. नवं फ्रंट लोड वॉशिंग मशीन तिसऱ्या मजल्यावर येणार आहे. डिलिव्हरी मोफत आहे, तरी चढवणाऱ्या दोघांना चहापाण्याला द्यावे का? जोडणीवाल्यालाही?
– एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : ताई, जरूर द्या. फ्रंट लोड मशीनच्या आत वजनाचे जड ठोकळे बसवलेले असतात. ६०-७० किलोंचं धूड होतं ते. जिन्याच्या वळणावर खालच्या माणसाच्या खांद्यावर सगळा भार येतो. मी प्रत्येकाला १०० रुपये देते, आणि वेगवेगळे, ज्याच्या त्याच्या हातात. एकाकडे दिले की वाटणीची कटकट त्यांच्या गळ्यात. त्याआधी पाणी विचारायचं, पंखा लावायचा. दमलेल्या माणसाला दारात उभं ठेवणं मला बघवत नाही.

जोडणीवाल्याला खुशीने दिलं तर उत्तमच. पण स्टँड किंवा जादा पाइपचे पैसे म्हणजे चहापाणी नव्हे, त्यांची पावती मागाच. मशीनच्या मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत आतला ड्रम हलू नये म्हणून लावलेले बोल्ट, त्याने काढलेत ना, तेही स्वतः बघा. राहिले तर मशीन भयंकर हादरतं. बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतात.