ओकालाचे घोडे आणि जमिनीखालचा चुनखडक

प्रश्न: मुलीला फ्लोरिडात ओकालाला नोकरी लागलीय, आम्ही दोघं नोव्हेंबरमध्ये ३ महिन्यांसाठी चाललोय. सगळे सांगतात तिथे घोड्यांशिवाय काही नाही. आम्ही घोडे बघितले ते माथेरानला, आणि ट्रेनमधून महालक्ष्मीचं रेसकोर्स. वेळ कसा जाणार? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: ताई, वेळ मस्त जाईल, फक्त घोडे तिथेच का हे आधी कळलं ना की ते गाव जास्त आवडेल. ओकाला म्हणजे मॅरियन काउंटीचं मुख्य शहर. तिथे जमिनीखाली चुनखडक आहे, त्याचं कॅल्शियम गवतात उतरतं आणि ते गवत खाऊन शिंगरांची हाडं भक्कम होतात असं तिथले घोडेवाले मानतात. कार्ल रोज नावाचा एक माणूस रस्त्यांच्या कामामुळे हा दगड ओळखून होता, त्याने १९४३ मध्ये तिथे थरोब्रेडचा, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीचा, पहिला फार्म काढला, आणि १९५६ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नावाजलेली शर्यत जिंकलेला नीडल्स घोडा ओकालाचाच, १९७८ चा ट्रिपल क्राउनवाला, म्हणजे एकाच वर्षी तिथल्या तीन मोठ्या शर्यती जिंकलेला, अफर्म्डसुद्धा याच काउंटीतला.

त्याच चुनखडकातून सिल्व्हर स्प्रिंग्जचे झरे येतात. माझं ऐकाल तर पहिल्याच आठवड्यात तिथे जा, काचेच्या तळाच्या बोटीत बसा, पाणी इतकं नितळ की खाली झरा फुटतो ती जागासुद्धा दिसते आणि ते बारा महिने २२ अंशांच्या आसपास. नदीकाठी माकडं दिसतील, १९३० च्या दशकात एका बोटवाल्याने सोडलेल्या आपल्याकडच्याच ऱ्हीसस जातीची, त्यांना काहीही खायला देऊ नका.

घोड्यांसाठी वर्ल्ड इक्वेस्ट्रियन सेंटर, थंडीत तिथे जंपिंगचे शो चालू असतात, निवांत बसून बघा. फार्म मात्र खाजगी असतात, टूर बुक करूनच जायचं, आणि कुंपणातून गाजर-गूळ भरवायचा मोह कृपया आवरा, त्या घोड्यांचं खाणं मोजूनमापून असतं, चुकीचं काही पोटात गेलं तर पोटशूळ होऊन जिवावर बेततं.

खरी अडचण गाडीची. आपल्याला खाली उतरलं की रिक्षा, तिथे गाडी नसेल तर मुलगी ऑफिसला गेल्यावर तुम्ही दोघं घरातच अडकाल, तेव्हा आठवड्यातले कुठले दिवस गाडी तुमच्याकडे ते तिच्याशी आत्ताच बोलून घ्या. ऑर्लँडोचा एअरपोर्ट साधारण दीड तासावर आहे. आणि फ्लोरिडा म्हणून स्वेटर घरी ठेवू नका, जानेवारीत तिथल्या पहाटे चांगल्याच गारठ्याच्या असतात.