अमेरिकेतला पॉटकेट रेड सॉक्स हा बेसबॉलचा मायनर लीग (दुय्यम स्तरावरचा) संघ इतका प्रसिद्ध का होता? तो आता का दिसत नाही?

ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट या छोट्या गिरणीगावचा हा संघ. 1973 पासून तो बॉस्टन रेड सॉक्स या अव्वल स्तरावरच्या संघाशी जोडलेला, म्हणजे खेळाडूंसाठी त्या मुख्य संघात जाण्याआधीची शेवटची पायरी. पुढे तो दिवाळखोरीत गेला. 1977 मध्ये कापड गिरण्यांचे मालक बेन मॉन्डोर यांनी तो विकत घेतला, तिकिटं स्वस्त ठेवली आणि कुटुंबं पुन्हा मैदानावर आणली. माझ्या मते या संघाचे खरे नायक तेच.

पण जगभर नाव झालं ते एका सामन्यामुळे. 18 एप्रिल 1981 ला रॉचेस्टरच्या संघाविरुद्ध खेळ सुरू झाला. बेसबॉलमध्ये एरवी 9 इनिंग असतात (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात). बरोबरी सुटेना, म्हणून खेळ चालूच राहिला. थंडी इतकी, की खेळाडूंनी तुटलेल्या बॅट जाळून शेक घेतला. पहाटे चारनंतर, 32 इनिंग झाल्यावर, खेळ थांबवला तेव्हा 19 प्रेक्षक उरले होते. ते 19 जण मला फार जवळचे वाटतात! 23 जूनला उरलेला खेळ 18 मिनिटांत संपला. 33व्या इनिंगमध्ये डेव्ह कोझाच्या फटक्यावर पॉटकेट 3-2 ने जिंकलं. व्यावसायिक बेसबॉलमधला हा सर्वांत लांब सामना. पुढे महान ठरलेले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन त्यात समोरासमोर होते.

पुढे संघाचं मैदान, मॅककॉय स्टेडियम, जुनं झालं, नव्याच्या खर्चावर राज्य सरकारशी जमलं नाही. 2020 चा हंगाम कोविडमुळे बुडाल्याने निरोपाचा सामनाही झाला नाही. 2021 पासून हाच संघ मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला खेळतो.