चाकणची ड्यूक आणि मोटोजीपीतली केटीएम: संबंध आहे का?

तुम्ही विचारलंय: होंडा-यामाहापुढे केटीएम म्हणजे कुठल्या झाडाचा पाला, मग ती रोड रेसिंगमध्ये शिरली कशी आणि टिकली कशी? आणि आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएमच्या ड्यूकचा त्या मोटोजीपीच्या (म्हणजे मोटरसायकल रोड रेसिंगच्या जगातल्या सगळ्यात वरच्या वर्गाच्या) गाडीशी खरंच काही संबंध आहे, की नुसता केशरी रंग?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी. नटबोल्ट शोधत बसू नका. संबंध आहे तो पाइपाचा आणि पैशाचा. पाइपाबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे आणि पाइप कापणं-जोडणं हाच दिवसभराचा धंदा. रेसिंग बघतो ते वेड म्हणून.

केटीएम मूळची चिखलातली कंपनी. ऑस्ट्रियातलं माटिगहोफेन हे तिचं छोटंसं गाव. क्रोनराइफ आणि ट्रुंकेनपोल्त्स या दोन भागीदारांची आद्याक्षरं, पुढे गावाचं, झालं केटीएम. १९९१ मध्ये दिवाळं निघालं, पुढच्या वर्षी श्टेफान पिअरर यांच्या हाताखाली कंपनी पुन्हा उभी राहिली. मोटोक्रॉस, एन्ड्युरो आणि डकार रॅली, म्हणजे चिखल-वाळूतल्या शर्यती, हे तिचं अंगण. २००१ पासून २०१९ पर्यंत डकारला मोटरसायकल गटात दुसऱ्या कोणाला जिंकूच दिलं नाही. डांबरावर मात्र पाटी कोरी.

२००३ मध्ये ते ग्रां प्रीत (म्हणजे रोड रेसिंगच्या जागतिक अजिंक्यपदात) उतरले, तेही सगळ्यात खालच्या, सव्वाशे सीसीच्या वर्गात. हे महत्त्वाचं. टू-स्ट्रोक इंजिन, एकच सिलिंडर, म्हणजे मोटोक्रॉसवाल्यांना घरचीच विद्या. गाडीची जबाबदारी हाराल्ड बार्टोल या जुन्याजाणत्या ऑस्ट्रियन रेसरकडे. पुढच्याच वर्षी मलेशियात पहिला विजय मिळाला, आणि तो मिळवून देणारा अजून विशीही न गाठलेला केसी स्टोनर. पुढे डुकाटीवर आणि होंडावर मोटोजीपीचा जगज्जेता झालेला तो हाच.

पण केटीएमच्या रेसिंगचा स्वभाव कळून घ्यायचा असेल तर २००५ चा हंगाम बघा. माझ्या मते पुढच्या सगळ्या मोटोजीपी विजयांपेक्षा हा हंगाम जास्त रंगतदार आहे. मिका कालिओ हा फिनलंडचा आणि गाबोर तालमाची हा हंगेरीचा, असे दोघं केटीएमवर. समोर होंडावर स्वित्झर्लंडचा टॉम ल्युती. जगज्जेतेपदाची लढत कालिओ आणि ल्युती यांच्यात. कतारच्या रेसला दोन्ही केटीएम सगळ्यांच्या पुढे, शेवटच्या सरळ पट्ट्यावर एकमेकींना खेटून. टीमला काय हवं असणार हे सांगायला नको: कालिओ पहिला, तालमाची दुसरा. रेषेवर झालं उलटं, आणि तेही डोळ्याला दिसणार नाही एवढ्या फरकाने. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २०. म्हणजे कालिओचे पाच गुण घरच्याच माणसाने खाल्ले.

हंगाम संपला तेव्हा ल्युती २४२, कालिओ २३७.

बरोबर पाच! उत्पादकांचं अजिंक्यपद केटीएमला मिळालं, पण रायडरचं हातातोंडाशी येऊन गेलं. पुढच्या वर्षी तालमाची केटीएमवर दिसला नाही. २००७ मध्ये तो अप्रिलियावर त्याच वर्गात जगज्जेता झाला. आता त्याला शिव्या द्यायच्या की दाद द्यायची, तुम्ही ठरवा. मी दाद देतो. रेसरला मागे राहा म्हणणं म्हणजे मांजराला दुधाकडे पाठ करून बस म्हणण्यासारखं आहे.

२००५ मध्येच वरच्या वर्गात मात्र हात पोळले. केटीएमने मोटोजीपीसाठी व्ही-फोर (चार सिलिंडरचं) इंजिन तयार केलं होतं, पण अख्खी गाडी उभी करायचा खर्च झेपेना. मग ते इंजिन माजी जगज्जेते केनी रॉबर्ट्स यांच्या टीमला दिलं. हंगाम अर्ध्यावर असताना तेही थांबलं. अडीचशे सीसीच्या वर्गात जरा बरं चाललं. डॉनिंग्टनच्या धो-धो पावसात अँथनी वेस्टने गाडीच्या पदार्पणातच दुसरा नंबर काढला, पुढे हिरोशी आओयामाने विजयही मिळवले. पण जगात मंदी आली आणि २००८ अखेर अडीचशेतून, २००९ अखेर सव्वाशेतून केटीएम घरी गेली.

इथे गोष्ट संपली असती. पण २०१२ पासून नियम बदलले. सव्वाशेच्या टू-स्ट्रोकऐवजी मोटो-थ्री आलं: अडीचशे सीसी, फोर-स्ट्रोक, एक सिलिंडर. केटीएमचं मोटोक्रॉसचं दुकान असल्याच इंजिनांवर चालत होतं. पहिल्याच वर्षी सांद्रो कोर्तेझे जगज्जेता, दुसऱ्या वर्षी मावेरिक विन्यालेस. होंडाला इतकं लागलं की त्यांनी खास तयारी करून २०१४ चं विजेतेपद परत खेचलं, आणि तेही फक्त दोन गुणांनी. (त्याच वर्गात आपली महिंद्राही होती बरं का. २०१६ ला आसेनमध्ये पेक्को बन्याइयाने महिंद्रावर रेस जिंकली होती, हे आज सांगितलं तर पोरांना खोटं वाटतं.)

तिथे पाय रोवल्यावर २०१७ पासून पूर्ण ताकदीने मोटोजीपी. आणि आता पाइप.

मोटोजीपीत त्या वेळी बाकी सगळ्यांच्या चेसिस (गाडीचे सांगाडे) ॲल्युमिनियमच्या. दोन जाड पट्ट्या इंजिनाला कवेत घेतात, तशा. केटीएमने मात्र स्टीलच्या पाइपांची जाळी आणली, ड्यूकला असते त्याच जातीची. सस्पेन्शनही बहुतेकांसारखं ओह्लिन्स कंपनीचं न घेता घरच्या डब्ल्यूपी कंपनीचं. जाणकार म्हणाले, हा हट्ट आहे. होताच. पण माझ्यासारख्या वेल्डिंगवाल्याला त्यातली मेख लगेच कळते.

मोटोजीपीची गाडी वळणात साठ अंशांहून जास्त झुकते. एवढी आडवी झाल्यावर रस्त्याचा धक्का सरळ सस्पेन्शनच्या दिशेने येतच नाही, बाजूने येतो. तो खायचा कोणी? चेसिसने. ती थोडी आडवी लवली पाहिजे, पण ब्रेक मारल्यावर पुढेमागे लवता कामा नये. किती लवावं याचं गणित कागदावर अर्धंच सुटतं, बाकीचं रायडर पिटमध्ये येऊन सांगतो. पाइपाची जाळी असेल तर एक आडवा तुकडा कापायचा, त्या जागी पातळ भिंतीचा बसवायचा, जिगवर (पकडून ठेवणाऱ्या साच्यावर) आवळून टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारायचे, आलटून पालटून वेल्ड करायचं म्हणजे जॉब ओढून वाकडा होत नाही, की झाली नवी चेसिस. ॲल्युमिनियमची पट्टी बदलायची तर मशिनिंगपासून सुरुवात. ज्याच्याकडे होंडाएवढा पैसा नाही त्याने हात जलद चालवावा. केटीएमने तेच केलं, शिवाय नवख्या कंपन्यांना जादा टेस्टिंगची जी सवलत होती ती पुरेपूर वापरली.

तरी सुरुवात फजितीची. कतारला पहिल्या रेसमध्ये पोल एस्पार्गारो आणि ब्रॅडली स्मिथ दोघंही रांगेच्या शेपटाला. पहिला पोडियम मिळायला २०१८ ची शेवटची रेस उजाडली, वालेन्सियाच्या पावसात पोलचा तिसरा नंबर. २०१९ ला मोठ्या आशेने आणलेला योहान झार्को त्या गाडीशी जुळवून घेऊ शकला नाही आणि दोन वर्षांचा करार अर्ध्यात सोडून गेला. त्याच वर्षी एक शहाणपणाचं काम झालं: होंडावरून निवृत्त झालेला दानी पेद्रोसा टेस्ट रायडर म्हणून आला. गाडीत काय चुकतंय हे नेमकं सांगणारा माणूस मिळाला की अर्धं काम होतं. आमच्याकडेही ‘बसत नाही’ एवढंच सांगणारं गिऱ्हाईक आणि ‘डावीकडे दीड एमएम कमी आहे’ सांगणारं गिऱ्हाईक यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

९ ऑगस्ट २०२०, चेक प्रजासत्ताकातलं ब्रनो. लॉकडाऊनचे दिवस, वर्कशॉपला पुरेसं काम नव्हतं, मी घरी मोबाइलवर बघत होतो. तिकडे स्टँड रिकामे. ब्रॅड बाइंडर, दक्षिण आफ्रिकेचा, मोटोजीपीतली त्याची जेमतेम तिसरी रेस. आघाडीवरच्या मोरबिदेल्लीला मागे टाकल्यावर त्याने वळूनही पाहिलं नाही, पाच सेकंदांहून जास्त अंतराने जिंकला. केटीएमचा मोटोजीपीतला पहिला विजय. त्या दिवशी पोल पोझिशनवरून (सगळ्यात पुढच्या जागेवरून) निघून तिसरा कोण आला असेल? झार्को. जुन्या डुकाटीवर. दोनच आठवड्यांनी केटीएमच्या घरच्या मैदानावर, ऑस्ट्रियात, शेवटच्या वळणावर जॅक मिलर आणि पोल एस्पार्गारो एकमेकांच्या नादात बाहेर गेले आणि मिगेल ओलिव्हेराने आतून मुसंडी मारून रेस नेली. ती शेवटची लॅप मी किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही.

आता पैसा. २००७ मध्ये बजाजने केटीएमचे १४.५ टक्के शेअर घेतले, नंतर हिस्सा वाढवत नेला. २०१२ च्या जानेवारीत ड्यूक २०० आपल्याकडे आली. चाकणहून लहान ड्यूक आणि आरसी जगभर जायला लागल्या, आणि मुख्यतः चिखलातल्या गाड्यांसाठी ओळखली जाणारी कंपनी आकड्यांत मोठी झाली. तुमच्या शेजारच्या पोराने हप्त्यावर घेतलेल्या ड्यूकचा एखादा रुपया ब्रनोपर्यंत पोचला असं म्हटलं तर ते फार चुकीचं नाही.

पुढे हिशेब फिरला. न विकलेल्या गाड्यांचे ढीग लागले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणेकऱ्यांना ३० टक्के देऊन मिटवायचं ठरलं, त्यासाठी आणि कारखाना पुन्हा चालू करण्यासाठी बजाजने ८० कोटी युरोंची सोय केली, आणि २०२५ सरता सरता कंपनीचा ताबा आकुर्डीच्या बजाजकडे आला. या सगळ्या गोंधळात रेसिंग बंद पडलं नाही, २०२५ चा हंगाम चारही गाड्यांनी पूर्ण केला.

आणि पाइप? सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये जपानच्या रेसला केटीएमने आपल्या नेहमीच्या रायडर्सना कार्बन फायबरची चेसिस दिली आणि पुढच्या वर्षी सगळ्यांना तीच दिली. म्हणजे सुरुवातीला मी पाइप आणि पैसा म्हणालो त्यातला पाइप आता फक्त चाकणच्या गाडीत उरलाय.