पहिल्यांदाच पूरग्रस्त भागात निघालायस, म्हणून

कपड्यांची गाठोडी नेऊ नकोस. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर आम्ही गेलो तेव्हा जुन्या कपड्यांची गरज कुणालाच नव्हती. हवी होती फावडी, घमेली, खराटे आणि चिखल उपसणारे हात. गाळ ओला आहे तोवर निघतो, वाळला की दगड होतो.

पण घरात शिरल्या शिरल्या फावडं चालवू नकोस. आधी विचार, "काकू, पंचनामा झाला का?" नसेल तर भिंतीवरची पाण्याची खूण, भिजलेलं सामान, सगळ्याचे फोटो काढून दे. भरपाई त्यावर अडते. आणि काहीही फेकण्याआधी दाखव. आपल्याला कचरा वाटलेल्या चिखलाच्या गोळ्यात मला एकदा लग्नाचा अल्बम सापडला होता. त्या बाई तो उराशी धरून कितीतरी वेळ बसून होत्या. मीही काम थांबवून शेजारी बसलो. तेही कामच आहे रे.

गमबूट घालच. लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, प्रतिबंधक गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचार. वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विचला हात नको. जेवणाचा, झोपण्याचा भार गावावर टाकू नकोस.

जमलं तर महिन्याभराने पुन्हा जा. तेव्हा गर्दी ओसरलेली असते, काम नाही.