चेक इंजिनचा दिवा, पेट्रोलचा वास आणि राउंड फिगर

प्रश्न : नमस्कार, माझी पेट्रोल गाडी सात वर्षं जुनी आहे, रोज इंदिरानगर ते सातपूर एवढंच चालते. मागच्या महिन्यात वणीला गडावर जायचं म्हणून टाकी फुल केली होती, जाऊन आलो, काही त्रास नाही, आणि मग तीनचार दिवसांनी ऑफिसला जाताना चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी एकदम मस्त चालते, स्टार्ट पण लगेच होते, ॲव्हरेज तेवढंच, फक्त सकाळी बेसमेंटमध्ये गाडीजवळ गेलं की कधीकधी पेट्रोलचा वास येतो. गॅरेजवाल्या दादांनी स्कॅनर लावला, पी ०४४२ कोड आला, म्हणाले पर्ज व्हॉल्व्ह गेलाय. तो बदलला, दिवा गेला, आठवड्याने परत आला! आता म्हणतात कॅनिस्टर टाका, आणि तो चांगलाच महाग आहे. आमचे मिस्टर म्हणतात गाडी चालतेय ना, दिव्यावर चिकटपट्टी लाव. काय करू?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, चिकटपट्टी नको आणि कॅनिस्टर पण नको, निदान आत्ता तरी नको.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. पेट्रोल टाकीत पडून असतं तेव्हा त्याची वाफ होत राहते, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तर विचारूच नका. ही वाफ बाहेर सोडायची नाही म्हणून ती एका डब्यात नेतात, डब्यात कोळसा भरलेला असतो, तोच तुमचा कॅनिस्टर. कोळसा वाफ धरून ठेवतो, मग इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. डब्याला दुसरीकडून ताजी हवा आत यायला एक वाट असते, तिथे व्हेंट व्हॉल्व्ह. आता गाडीचा कॉम्प्युटर काय करतो, तर मधूनमधून सगळ्या वाटा बंद करून टाकीत थोडं व्हॅक्यूम तयार करतो आणि ते टिकतंय का बघतो. टिकलं नाही तर कुठेतरी भोक आहे. पी ०४४२ म्हणजे छोटी गळती, साधारण १ मिलिमीटरच्या भोकाएवढी, पी ०४५५ म्हणजे मोठी, आणि पी ०४५६ म्हणजे अगदी अर्ध्या मिलिमीटरची, ही मापं मुळात अमेरिकेतल्या नियमांमधून आलीत. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ही गळतीची तपासणी नसतेच, तिथे फक्त पर्ज व्हॉल्व्हच्या वायरिंगबद्दल तक्रार येते. तुमच्या गाडीत आहे म्हणून तर हा कोड आला.

आता बघा, कोड सांगतो की वाफ कुठूनतरी निसटतेय. कुठला पार्ट गेलाय हे तो सांगतच नाही! पण स्कॅनरवर कोड दिसला की पार्ट मागवायचा ही सवय झालीय सगळीकडे, आणि बिल आपलं. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असता तर तुम्हाला आधीच कळलं असतं, कारण मग पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते, स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो, स्लोला थरथरते. तुमची लगेच स्टार्ट होते म्हणता. म्हणजे त्या व्हॉल्व्हवर पहिला संशय घ्यायचं कारणच नव्हतं. जुना व्हॉल्व्ह मागून घ्या, टाकला नसेल तर. वायरचं सॉकेट काढलेलं असताना व्हॉल्व्हमधून हवा आरपार जायला नको, हवेच्या छोट्या हातपंपाने बघता येतं, तोंडाने फुंकत बसू नका. हवा जात नसेल आणि १२ व्होल्ट दिल्यावर टक आवाज करून उघडत असेल तर तो चांगला होता.

मग दिवा गेला कसा? तर कोड उडवला म्हणून गेला. ही तपासणी रोज होत नाही, इंजिन रात्रभर थंड झालेलं लागतं, टाकी साधारण पाव ते पाऊण या मध्ये लागते, आणि बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन वेळा नापास झाल्यावरच दिवा लागतो. त्यामुळे काहीही न बदलता नुसता कोड उडवला असता तरी आठवडाभर दिवा गेलाच असता. वणीच्या वेळी पण हेच, टाकी फुल होती तेव्हा कॉम्प्युटर गप्प बसला आणि पेट्रोल खाली उतरल्यावर बोलला, म्हणून त्या पेट्रोल भरण्याशी कोणी संबंध जोडला नाही. मी मात्र तिथूनच सुरुवात करीन.

टाकीचं झाकण काढा. आतल्या रबरी रिंगवर बोट फिरवा, चीर आहे का, चपटी झालीय का, कडेला माती बसलीय का. टाकीच्या तोंडाची कड पण फडक्याने पुसा, गंज असेल तर रिंग कितीही नवी असली तरी बसणार नाही. झाकण कट-कट वाजेपर्यंत फिरवायचं, पंपावरची पोरं घाईत अर्धवटच लावतात. आणि बदलायचं झालं तर कंपनीचंच घ्या, बाजारातलं चावीवालं स्वस्त झाकण बरोबर बसेलच असं नाही. झाकण नीट लावल्यावर दिवा लगेच जाणार नाही हं, लागोपाठ तीन वेळा तपासणी पास झाली की आपोआप जातो, तुमच्या सातपूरच्या फेऱ्यांमध्ये आठवडा-दोन आठवडे सहज लागतील.

दुसरी गोष्ट राउंड फिगरची. नोझल एकदा टक करून बंद झालं की टाकी भरली, विषय संपला. पण आपल्याला दोन हजार चोवीसचे एकवीसशे करायचे असतात, मग पोरगा थेंब थेंब ढकलत बसतो, आणि ते जास्तीचं पेट्रोल कधीकधी थेट कॅनिस्टरमध्ये शिरतं. कोळसा वाफेसाठी असतो, ओलं पेट्रोल गेलं की वास येतो आणि सारखं झालं तर कॅनिस्टर खरंच वाया जातो. वणीला निघताना असं काही केलं होतं का आठवा. केलं असेल तर थोडे दिवस गाडी चालवून बघा, वास कमी होतोय का.

झाकणाने भागलं नाही तर स्मोक टेस्ट करून घ्या. लाईनमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडतात आणि धूर जिथून निघतो तिथे गळती, वाद संपला. अंबड, मुंबई नाका भागातल्या मोठ्या गॅरेजना आधी फोन करून स्मोक मशीन आहे का विचारा. कोणी टायरच्या हवेचा पाइप लावून बघू म्हणालं तर नाही म्हणा!! या लाईनला एक पीएसआयच्या आतच काम असतं, टायरचा कंप्रेसर टाकी आणि पाइप फाडेल, शिवाय पेट्रोलच्या वाफेत तो धोका वेगळाच. धुरात बहुतेक वेळा निघतं काय, तर तडकलेला रबरी पाइप, सैल क्लिप, नाहीतर उंदराने कुरतडलेलं काहीतरी. कॅनिस्टरच फुटलेला दिसला तर तो बदला, मग पैसे गेल्याचं दुःख नाही.

आणि कोड परत आला तर उडवायच्या आधी फ्रीझ फ्रेम बघायला सांगा, दिवा लागला त्या क्षणी पेट्रोल किती होतं, इंजिन किती गरम होतं हे त्यात असतं, कोड उडवला की ते पण जातं.

दिवा स्थिर आहे आणि गाडी नीट चालतेय तोवर चालवायला हरकत नाही. दिवा लुकलुकायला लागला तर मात्र वेगळं दुखणं, ते मिसफायर, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाहीये, गाडी बाजूला घ्या. आणि बेसमेंटमध्ये गाडीखाली ओलं दिसलं तर स्टार्टच करू नका, मेकॅनिकला तिथे बोलवा. चिकटपट्टीचं म्हणाल तर उद्या दुसरं काही बिघडलं तरी हाच दिवा लागणार, तो दिसायला हवा ना.

प्रश्न : मखमलाबादला बागेजवळ घर आहे, गाडी उघड्यावर असते. हल्ली पेट्रोल भरताना नोझल सारखं टक टक बंद होतं, टाकी अर्धी पण नसते. पंप बदलून बघितला, तेच. चेक लाईट नाही. पंपाचा दोष की गाडीचा?

उत्तर : दोनतीन पंपांवर तेच होतंय तर गाडीचा. पेट्रोल आत जाताना टाकीतली हवा बाहेर निघायला हवी, ती कॅनिस्टर आणि व्हेंटमधून निघते, ती वाट तुंबली की पेट्रोल मागे उसळतं आणि नोझल बंद होतं. धुळीने फिल्टर भरतो, व्हॉल्व्ह बंद अडकतो, आणि बागेजवळ गाडी असेल तर कुंभारीण माशी त्या पाइपात मातीचं घर करते, हसू नका, होतं असं. गाडी वर घेऊन व्हेंटचा पाइप सोडून बघायला सांगा, पाचदहा मिनिटांचं काम आहे. आधी टाकी बदलायला कोणी सांगितलं तर दुसरं गॅरेज बघा.

प्रश्न : पीयूसी पास झालं, मग वाफेच्या गळतीचा दिवा खोटा समजायचा का?

उत्तर : नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत सायलेन्सरमधून येणारा धूर तपासतात. टाकीच्या झाकणातून काय उडतंय ते त्या मशीनला दिसतच नाही.