मूलाधार ‘ब्लॉक’ झालंय का, असं विचारणाऱ्यांसाठी

“मॅडम, माझं मूलाधार ब्लॉक झालंय. ते बॅलन्स कसं करायचं, तेवढं सांगा.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यावर लिहायलाच हवं असं वाटू लागलं. सांगणारी माणसं वेगवेगळी असली तरी तक्रारी बहुतेक सारख्याच असतात. विनाकारण धडधड होते, रात्री दचकून जाग येते, सगळं ठीक असतानाही आता काहीतरी होणार अशी धास्ती वाटते. कुठल्याशा व्हिडिओत ही लक्षणं ऐकलेली असतात, आणि माणूस येतो तो आपलं मुळातच काहीतरी बिघडलंय ही आणखी एक काळजी घेऊन.

ती काळजी मी आधी उतरवते. योगपरंपरेत मूलाधार म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी मानलेलं चक्र; ते ध्यानाचं स्थान आहे. सोळाव्या शतकातल्या ‘षट्चक्रनिरूपण’ या संस्कृत ग्रंथात त्याचं वर्णन येतं: चार लाल पाकळ्यांचं कमळ, मध्ये पृथ्वीतत्त्वाचा पिवळा चौकोन आणि ‘लं’ हा बीजमंत्र. तिथला विषय कुंडलिनीच्या, म्हणजे तिथं सुप्त मानलेल्या शक्तीच्या, साधनेचा आहे. भीती, असुरक्षितता, लहानपणीचे आघात यांचा संबंध या चक्राशी जोडला गेला तो बराच अलीकडे, गेल्या शतकात. चक्र हा काही शरीराचा अवयव नाही, त्यामुळे ते ‘ब्लॉक’ झाल्याचं निदान कुठल्याही तपासणीत होत नाही. तरीही मी हा विषय उडवून लावत नाही. मन सैरभैर असताना लक्ष विचारांतून काढून खाली, शरीराच्या बैठकीकडे न्यायचं, ही त्यातली दिशा मला मोलाची वाटते. माझं बरंचसं काम शरीरापासूनच सुरू होतं. अडचण येते ती पुढे, पद्धतीत.

पस्तिशीतल्या एक बाई आल्या होत्या. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) रात्रीच्या प्रवासात त्यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा त्या चालकाशेजारी बसल्या होत्या. लागलं फारसं नाही, पण तेव्हापासून झोप गेली. त्या रोज पहाटे डोळे मिटून, मूलबंध लावून (म्हणजे ओटीपोटाचा तळ आवळून धरून), श्वास रोखून ‘लं’चा जप करायच्या.

“इतकं नेमानं करते, तरी वाढतंच आहे. माझी श्रद्धा कमी पडते का हो?”

“श्वास रोखल्यावर काय होतं?”

“गुदमरल्यासारखं होतं. मग टायर घासल्याचा तो आवाज येतो.”

यात श्रद्धेचा काही प्रश्नच नव्हता. धोका जाणवला की शरीर आपोआप आवळतं. जबडा, पोट, आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायूसुद्धा, म्हणजे मूलबंधात आपण आवळतो तीच जागा. त्यांचं शरीर अपघातापासून आवळलेलंच होतं. त्यावर आणखी बंध, वर रोखलेला श्वास आणि मिटलेले डोळे. आघात झालेल्या माणसाला डोळे मिटल्यावर अनेकदा शांतता सापडत नाही, तोच प्रसंग पुन्हा दिसतो. मी जप सोडायला सांगितला नाही. डोळे उघडे ठेवा, बंध नको, श्वास रोखू नका आणि तो सोडताना थोडा लांबवा, एवढंच सांगितलं. श्वास सोडताना हृदयाची गती जराशी मंदावते, म्हणून.

त्यांना बरं वाटू लागलं, पण खरी गाठ सुटली ती नंतरच्या एका भेटीत. मी त्यांना पाय जमिनीवर टेकवून बसायला सांगितलं. डावा पाय सहज टेकला. उजवा मात्र असा रेटलेला, की पोटरी ताठ झाली होती.

“उजव्या पायानं काय करताय?”

त्यांनी खाली पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

“ब्रेक,” त्या म्हणाल्या. “मॅडम, मी ब्रेक दाबतेय.”

गाडी त्या चालवत नव्हत्या. त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हताच, तरी त्या रात्री त्यांनी जीव खाऊन पाय दाबला होता, आणि शरीरानं तो अजून सोडला नव्हता. पाय जमिनीत घट्ट रोवा, असं चिंतेवर सरसकट सांगितलं जातं. या बाईंना तसं सांगणं म्हणजे पुन्हा ब्रेक दाबायला लावणं होतं. ते त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, आणि त्याचं समाधान मला आजही आहे.

“आता दाबायचं काही नाही,” मी म्हटलं. “पायाचं वजन नुसतं जमिनीवर सोडा. ती धरेल.”

पाय थरथरला. त्यांनी थोडा वेळ सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. रडू आलं, ते मी थांबवलं नाही. मग त्यांनी मान वळवून खोली नीट पाहिली आणि म्हणाल्या, “ही खुर्ची इतकी मऊ आहे, मला आज कळलं.”

अपघाताबद्दल आम्ही सविस्तर बोललो ते त्यानंतर, थोडं थोडं करून. पायाखाली काही स्थिर आहे हे शरीराला कळण्याआधी आठवणी उकरणं मला मान्य नाही. मूलाधारापासून सुरुवात करायची, याचा माझ्यापुरता अर्थ हाच आहे.

तुम्ही स्वतः करून पाहणार असाल तर आधी तपासा: तुमच्या शरीराला आवळायची गरज आहे की सोडायची? चिंता असणाऱ्यांपैकी बहुतेकांना सोडण्याचीच असते, असा माझा अनुभव आहे. डोळे उघडे ठेवून बसा. खुर्चीनं, जमिनीनं पेललेलं वजन कुठं कुठं जाणवतं ते शोधा. ओटीपोट सैल सोडा. ‘लं’ म्हणायचं असेल तर हळू, लांब श्वासावर म्हणा. तो कंपही पुष्कळांना स्थिर करतो. ओटीपोटाकडे लक्ष नेणंच नकोसं वाटत असेल, आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना ते वाटू शकतं, तर तिथं जायची काहीच सक्ती नाही. तळवे, पाठ, हातातली एखादी वस्तूही चालते. धडधड वाढली, सुन्न वाटलं, आपण इथं नाहीच असं वाटलं, की थांबा, उठून चाला, आजूबाजूच्या वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या. ‘विष बाहेर पडतंय, सोसा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, झोप महिनाभर उडालेली असेल, तर आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. औषधं चालू असतील तर साधनेच्या भरवशावर ती आपल्या मनानं बंद करू नका. दोन्ही सोबत चालतं. या बाईंचंही काही महिने तसंच चाललं होतं.